पोळ्याचं पाणी

वऱ्हाडाची जीप मांडवाशी येऊन थांबली, की बाकीचे लोक नवरदेवाकडे बघायचे. आमचे आबा जीपखाली शिरायचे. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खाली धोतर. टोपी तेवढी काढून शेजारच्या कुणाच्या तरी हातात द्यायची आणि उताणं होऊन सरकत सरकत आत. बाहेर नुसत्या वहाणा दिसायच्या. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात, भोकरदनला, हेच झालं. माझे मामा धावत आले. "अगं, गाडीखाली कोण सापडलं का काय?" मी म्हटलं, "सापडलं न्हाई मामा, आपण होऊन गेलेत. ते आमचे मालक हायेत." मामांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या वहाणांकडे बघितलं, आणि अशा माणसाकडे पोरीला नोकरीला ठेवावं की नाही, हा विषय त्या दिवशी पंगतीत निघाला.

काय सांगणार? मालक खुळे नाहीत असं सांगावं तर वहाणा तिथं दिसत होत्या.

आबांचं गाव पिंपळगाव रेणुकाई. घरी शेती चांगली, पण यांचा जीव लोखंडात. जालन्याच्या एमआयडीसीत त्यांनी शेड टाकली आणि नांगराचे फाळ, कुदळी, टिकाव, बैलगाडीचे आस करायला लागले. नव्वदच्या पुढेमागे मी टायपिंगची परीक्षा पास होऊन तिथं कामाला लागले, तेव्हा नुकतीच त्यांना गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली होती. मिळवली होती त्यांच्या मेव्हण्यानं. हा काकूंचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, धाकटा भाऊ, कारखान्यात भागीदार. सफारी घालायचा आणि मोठ्या साहेबांशी बोलायचं काम त्याचं. ऑर्डर होती जीपच्या स्टिअरिंगच्या आर्मची. आपण स्टिअरिंग फिरवतो आणि खाली चाकं वळतात, ती ज्याच्या जिवावर वळतात तो हा वाकडा लोखंडी हात. लग्नात जीपखाली शिरून आबा हाच बघायचे. हा तुटला की स्टिअरिंग नुसतं हातात गरगर फिरतं आणि गाडी आपल्या मर्जीनं कुठंही जाते.

आबा नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायचे. "फाळ तुटला तर शेतकरी शिव्या देतो. आर्म तुटला तर शिव्या द्यायलाबी माणूस राहत न्हाई."

सगळ्या कारखान्यात बाई मी एकटी. खुशीत असले की आबा मला "पोरी" म्हणायचे आणि रागात असले की "मॅडम". त्यामुळे सकाळी पहिल्या शब्दालाच कळायचं की आजचा दिवस कसा जाणार. त्यांच्या खोलीत मेव्हण्यानं हौसेनं आणलेली फिरती खुर्ची होती. तिच्यावर आबा कधी बसले नाहीत, तिच्यावर टोपी ठेवायचे. स्वतः बसायचे एका मोडक्या जीपच्या सीटवर, खाली विटा लावून. म्हणायचे, "गिऱ्हाईक जिथं बसतं तिथं बसलं म्हंजे डोकं ठिकाणावर राहतंय."

आणि कारखान्यात एक शब्द बंद होता. "चालतंय." हा शब्द ज्याच्या तोंडून निघाला त्यानं सगळ्या शेडला चहा करून पाजायचा, स्वतः स्टोव्ह पेटवून. आता आमच्याकडे हा शब्द उच्चारल्याशिवाय माणसाचा एक तास जातो का? रोज कुणी ना कुणी स्टोव्हला पंप मारत बसलेलं असायचं. मी एकदा टाइप केलेला कागद पुढं केला. "आबा, एक अक्षर खोडलंय, पण चालतंय." झालं! "मॅडम, किती कप करून राह्यल्या?" मेव्हणा तर एकदा फोनवर कंपनीच्या साहेबांना बोलून गेला, "चालतंय साहेब, चालतंय." दोनदा म्हणाला म्हणून त्या पठ्ठ्यानं सफारीत घाम गाळत दोनदा चहा केला. पोट धरून हसलो आम्ही.

तयार आर्म ते हातोडीनं वाजवून बघायचे. एका हातात तारेला टांगलेला आर्म, दुसऱ्या हातात छोटी हातोडी, डोळे मिटलेले. टण्ण! आवाज लांबवर गेला की माल पास. कंपनीनं तपासायचं मशीन घ्या म्हणून दोनदा सांगितलं होतं. आबा म्हणायचे, "माझा कान काय भाड्यानं दिलाय का?" याचा त्यांना गर्व होता, आणि गर्वच होता, दुसरा शब्द वापरून मी त्यांना सोडवणार नाही.

आता पोळ्याचं सांगते.

कारखान्यात बैल नाहीत म्हणून पोळा करायचा नाही, हे आबांना मान्य नव्हतं. "काम कोण करतंय? हेच करून राह्यले ना? मंग बैल हेच." लोखंड ठोकायचा मशीनचा मोठा हातोडा म्हणजे थोरला आणि लहान तो धाकला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात तशी आबा थोरल्याच्या लोखंडी अंगाला चोळायचे आणि हात जोडून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी काकू घरून पुरणपोळ्यांच्या दुरड्या घेऊन यायच्या. प्रत्येक मशीनपुढं पान. काकू तांब्यानं मशीनच्या पायांवर पाणी घालायच्या, हळदकुंकू, अक्षता, ओवाळणं. मग आमची पंगत. कंपनीचा एक तरणा इंजिनिअर पहिल्या वर्षी हे बघून तोंड लपवून हसला आणि नंतर पोळ्या मागून मागून खाल्ल्या.

मला ते फार आवडायचं. वर्षभर धूर आणि धडधड, त्यात तेवढा एक दिवस घरासारखा वाटायचा.

ज्या पोळ्याचं सांगतेय त्या वर्षी टाकी नवीन आली होती. भट्टीतून लालबुंद काढलेलं लोखंड एकदम गार केलं की ते टणक होतं. फाळांच्या काळात हे काम साध्या पाण्याच्या हौदात व्हायचं. पण आर्मला पाणी चालत नाही, गार व्हायची घाई झाली की पोटातून तडकतो. त्याला तेल लागतं. आधीची पायांवर उभी असलेली लहान तेलाची टाकी पुरेना, म्हणून ही मोठी. काकू तांब्या घेऊन तिच्यापुढं आल्या आणि थांबल्या. "अहो, हिला पाय कुठं हायेत?" खरंच, टाकी जमिनीत बसवलेली. आबांनी काकूंच्या हातातून तांब्या घेतला. "पाय न्हाईत, पण तोंड तर हाय. नवी सून आलीय घरात, तहानलेली ठेवायची व्हय? घे माय, पी." आणि तांब्या टाकीत रिकामा केला. बाजूला पाण्यानं भरलेली घागर होती. पोरं म्हणाली, "आबा, एवढ्यानं काय होतंय तिला!" आबांनी हसत घागरही ओतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षता तेलावर पडल्या आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. टाकीवरचा माणूस म्हणाला, "आबा, टाकी लई तडतड करून राह्यली."

आबा म्हणाले, "बोलून राह्यली. नवी हाय, आजपर्यंत गप होती."

तो सगळा माल तयार झाला, आबांनी वाजवला, टण्ण आवाज आला, आणि माल गेला. कंपनीनं त्यातला निम्मा गोदामात ठेवला आणि निम्मा सुट्ट्या भागांच्या पेट्यांतून इकडच्याच दुकानांत पाठवला. कारण आपल्याकडं जीपमध्ये माणसं भरतात ती दाराला, टपाला, बॉनेटवर. आर्म इकडंच जास्त बदलावे लागायचे.

महिना-दीड महिना झाला असेल. केदारखेड्याच्या रस्त्यावर एक जीप वळणावर वळलीच नाही आणि सरळ कपाशीच्या रानात जाऊन उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही. त्या जीपचा मेकॅनिक तुटलेला आर्म पिशवीत घालून जालन्याला आला आणि आबांच्या टेबलावर आदळला. "हे काय करून राह्यले, आबा?"

आबांनी तुकडे हातात घेतले. तुटलेल्या जागी निम्मं लोखंड चकचकीत होतं आणि निम्मं काळं. काळं म्हणजे तिथं आधीच चीर होती आणि चिरेत तेल मुरलेलं होतं. मग आबा उठून टाकीपाशी गेले आणि तिच्या बुडाशी असलेला नळ उघडायला लावला. तेल यायला पाहिजे होतं. आधी पाणी आलं. स्वच्छ पाणी, आणि पाण्याबरोबर हळदीत माखलेले तांदळाचे दाणे.

आबा तिथंच खाली बसले, तेलकट फरशीवर, पांढऱ्या धोतरानं. "माझ्याच हातानं," एवढंच म्हणाले. काकूंना हे कोण सांगणार, असं माझ्या मनात येऊन गेलं.

आबांनी फोन करून कळवलं, तसे तिसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब आले. माणूस गोड बोलणारा. सगळं बघितलं, ऐकलं, आणि दार लावून घेतलं. आत आबा, मेव्हणा आणि कागद घेऊन मी.

साहेब म्हणाले, "हे बघा, गोदामातला माल मी गुपचूप परत पाठवतो. तुम्ही नवा द्या. विषय संपला."

आबा म्हणाले, "आन् जो गाड्यांना लागलाय तो?"

"तो सगळाच काही तुटणार नाही."

"पर तुटंल तो कोणता, हे तुम्हाला म्हाईत हाय का?"

साहेब हसले. "अहो, तुमच्याकडचे रस्ते बघा, गाडीत माणसं किती कोंबतात बघा. एखादा तुटला तर कुणी आर्मला दोष देणार आहे का? तुम्ही स्वतःहून बोंब मारू नका. वरच्या लोकांना विचारतो आणि काय ते कळवतो. तोवर कुणाशी अवाक्षर नको. नाहीतर ऑर्डर तर जाईलच, तुमचं नावही जाईल."

साहेब गेल्यावर मेव्हण्यानं आबांचे पाय धरले, खरोखर धरले. "दाजी, एवढं ऐका. ह्या शेडवर किती घरं चालून राह्यली, तुम्हाला म्हाईत हाय. ते कळवतो म्हणालेत ना? मोठी कंपनी हाय, तिला काय माणसांची काळजी न्हाई व्हय? आठ दिवस दम धरा."

मेव्हण्याला वाईट म्हणू नका. त्याला खरंच वाटत होतं की कंपनी काहीतरी करेल. आबांनाही वाटलं. आणि बाहेर शेडमध्ये माणसं काम करत होती, त्यांची तोंडं आबांना दारातून दिसत होती. आबा म्हणाले, "बरं."

गोदामातल्या मालाचा ट्रक चौथ्याच दिवशी दारात आला. काय ती घाई! त्यांच्या गोदामातला एक आर्मसुद्धा त्यांना नको होता. रस्त्यावरच्या आर्मबद्दल मात्र एक शब्द नाही. आबा रोज सकाळी मला फोन लावायला सांगायचे आणि रोज तिकडून उत्तर यायचं, "कळवतो." आबा जेवेनात. डब्यातली भाकरी मला द्यायचे आणि दिवसभर त्या मोडक्या सीटवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या जीपा बघायचे. मी म्हटलं, "आबा, अशानं आजारी पडाल." म्हणाले, "पोरी, ती गेली बघ. हिच्यात असंल का गं?"

मग ते घडलं. केदारखेड्यात एक मुसलमान बाई होत्या, सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे; त्या कपडे शिवायच्या. भोकरदनला अस्तर आणि दोरा आणायला निघाल्या होत्या. जीप पुलाच्या अलीकडं नाल्यात गेली. बाकीच्यांना मुका मार बसला. खाला कडेला बसल्या होत्या, त्यांचा पाय गाडीखाली सापडला. जालन्याच्या दवाखान्यात आणलं. आर्म तुटला होता आणि आर्मवर आमच्या कारखान्याचा शिक्का होता.

ही बातमी आली तेव्हा आबांनी मला फोन लावायला सांगितला नाही. मेव्हण्यालाही विचारलं नाही. रिक्षा बोलावली, मंडपवाल्याकडून भोंगा आणला आणि स्वतः माईक हातात घेऊन मागं बसले.

"जीपवाले भाऊ, ऐका. पोळ्यानंतर ज्यानं ज्यानं स्टिअरिंगचा आर्म बदलून घेतला, त्यानं गाडी हाय तिथं उभी करा. बिलकुल चालवू नका. माल माझ्या कारखान्याचा हाय. माल खराब हाय. दुकानदाराशी भांडू नका, चूक माझी हाय. मी फुकट बदलून देतो."

जालन्यातून ती रिक्षा फिरली, मग भोकरदनच्या बाजारात. लोकांना आधी कळेना. एवढ्या मोठ्यानं आपला माल वाईट म्हणणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. कुणी म्हणालं निवडणूक आली, कुणी म्हणालं, ही नव्या पद्धतीची जाहिरात हाय, आता शेवटी हा दुसरं काहीतरी विकणार. पोरं रिक्षामागं पळत "माल खराब हाय, माल खराब हाय" म्हणून ओरडायला लागली. मी त्या दिवशी रिक्षात होते, टाकी साफ करून बनवलेल्या नव्या आर्मच्या पेट्या मोजून द्यायला. लाजेनं मेल्यासारखं झालं मला, खोटं कशाला बोलू? आबांना लाज नव्हती. घसा बसला तरी बोलत होते.

हळूहळू जीपा येऊ लागल्या. पण सगळे सरळ येतात का? पिंपळगाव रेणुकाईला, म्हणजे आबांच्या स्वतःच्या गावात, एक जीपवाला ऐकेना. देवीला आलेली माणसं खचाखच भरलेली, आणि याला निघायची घाई. आबांनी खाली वाकून शिक्का बघितला. "भाऊ, आर्म आमचा हाय. उतरव माणसं."

"आबा, सकाळपास्नं आत्ता कुठं गाडी भरली. माझा दिवस कोण भरून देतंय?"

"मी देतो."

"मला न्हाई पाहिजे तुमचं काही. बाजूला व्हा!"

आबा जीपपुढं रस्त्यात मांडी घालून बसले. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, गाडी गुरगुरवत हातभर पुढं आणली. आबा हलले नाहीत. तो खाली उतरला आणि सगळ्या गावादेखत त्यानं आबांच्या कानाखाली वाजवली. टोपी धुळीत पडली. माणसं धावली तसे आबा ओरडले, "कुणी हात लावायचा न्हाई त्याला! पयले आर्म काढा!"

आमच्या माणसानं आर्म काढला. आबांनी तो दगडावर आडवा ठेवायला लावला आणि म्हणाले, "मार." एका घावात दोन तुकडे झाले, काकडीसारखे. काळी चीर सगळ्यांना दिसली. जीपवाला त्या तुकड्यांकडं बघत राहिला. मग त्यानं वळून गाडीकडं बघितलं. पुढच्या सीटवर त्याची म्हातारी आई बसली होती. आबांनी टोपी झटकली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चल, पुढं लई गावं राह्यलीत."

कंपनीनं ऑर्डर काढून घेतली, हे सांगायला नको. कारण असं दिलं की तुम्ही कंपनीची बदनामी केली. कंपनीचं तर नावसुद्धा आबांनी भोंग्यावर घेतलं नव्हतं! वर्ष संपायच्या आत शेडला कुलूप लागलं. मेव्हणा आबांशी बोलायचा बंद झाला तो झालाच.

शेवटच्या दिवशी थोरल्यावर काम करणारा एक माणूस आबांपुढं उभा राहिला. तो कमी बोलणारा होता. म्हणाला, "आबा, तुम्ही खरं वागले. पर तुमच्या खरेपणाचा खर्चा आमच्या घरांनी भरला."

आबा म्हणाले, "बराबर हाय तुझं."

मला वाटलं होतं, काहीतरी मोठं बोलतील. बोलले नाहीत. आणि मीही रागावलेलेच होते. माझी नोकरी गेली होती, घरी बाप आजारी. सहा-सात महिन्यांनी बियाण्यांच्या एका कंपनीत काम मिळालं, पण तोवरचे दिवस मलाच ठाऊक. पुढं कितीतरी वर्षं आबा रस्त्यात दिसले की मी "कसे आहात?" एवढंच विचारून पुढं जायचे.

आबा गावाकडं परत गेले. घराशेजारी पत्र्याचं छप्पर टाकून दोन माणसांना घेऊन पुन्हा फाळ करायला लागले. "चालतंय"वरची बंदी तिथंही होती. पोळ्याला ओवाळणं व्हायचं, पाणी नाही. आणि लग्नात जीपखाली शिरणं तर इतकं वाढलं की लोक आमंत्रण देतानाच म्हणायचे, "आबा, जुनं धोतर नेसून या."

मग नवं शतक आलं. एक दिवस पेपरात एका गाडीच्या कंपनीची जाहिरात दिसली: अमुक महिन्यातल्या गाड्यांत दोष आहे, मालकांनी गाड्या घेऊन याव्यात, भाग मोफत बदलून मिळेल. मी ती जाहिरात दोनदा वाचली. हे तर आमच्या आबांचंच बोलणं, नुसतं भोंग्यावरचं कागदावर आलेलं! आणि मी एवढी वर्षं ज्या माणसाला टाळत होते त्याच्याबद्दल मला एकदम भरून आलं. मी तेव्हा जालन्याच्या छोट्या कारखानदारांच्या मंडळाचं कार्यालय सांभाळत होते. दर वर्षी ते कुणाचा तरी सत्कार करायचे. मी हट्टच धरला की या वर्षी आबा.

अध्यक्ष, सचिव आणि मी, असे तिघं गाडी करून पिंपळगावला गेलो. आबा थकले होते, पण खाली वाकून आधी आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाआड बघितलंच. मग आमचं ऐकून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, "आबा, तुम्ही पंधरा वर्षं आधी जे केलं ते आज मोठमोठ्या कंपन्या करतात. शाल, श्रीफळ, मानपत्र. जालन्याला मोठा कार्यक्रम करू."

आबा म्हणाले, "करा की. पर आधी एका घरी जाऊन येऊ. तिथून आल्यावर तुम्ही म्हणाल तसं."

काकू आतून म्हणाल्या, "झालं! पुन्हा निघाले हे."

केदारखेड्याला गेलो. खालांचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा. ओट्यावर त्या शिवत बसल्या होत्या. पूर्वी पायानं चालवायच्या ते मशीन आता हातानं फिरवायचं केलेलं होतं. त्याची मूठ आबांनी स्वतः घडवून बसवली होती, हे मला तिथंच कळलं. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. आबांना बघून त्या मशीन थांबवून ओरडल्याच, "फिर लेके आए लोगां को? आणि थंडीचं स्वेटर कुठंय तुमचं? काकूंनी दिलं न्हाई का तुम्ही घातलं न्हाई?"

खालांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि आम्हाला बसायला सतरंजी दिली. मला म्हणाल्या, "हे असंच करतात, बाई. कुणी ह्यांना चांगलं म्हणालं की त्याला धरून इथं आणतात. पेपरवाला आणला, गावातला मास्तर आणला. आन् मला म्हणतात, सांगा."

आबा म्हणाले, "सांगा ना."

"किती वेळा सांगू? तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? मी तुम्हाला कवाच माफ केलंय, अल्लाह गवाह हाय."

"माफीचं न्हाई विचारून राह्यलो. झालं ते सांगा."

सचिवांना वाटलं आपण काहीतरी बोलायला पाहिजे. ते पुढं सरकून म्हणाले, "खाला, आबांनी स्वतःचा कारखाना गमावला, पण लोकांचे जीव वाचवले. भोंगा लावून सगळ्यांना सावध केलं. म्हणून आम्ही त्यांचा सत्कार..."

खालांनी मशीनवरचं कापड सारखं केलं. आबांकडे एकदा बघितलं. आबा मान खाली घालून ऐकत होते.

"हौ," खाला म्हणाल्या. "भोंगा लावला ना. लई मोठ्यानं लावला. मी जालन्याच्या दवाखान्यात पडून होते. आदल्या दिवशी माझा पाय कापला होता. खिडकीतून एकेक शब्द ऐकू आला मला. सगळं बराबर सांगत होते."